लेकीसोबत पुण्यात खोली करून राहू का?

ताई, गंगाखेडहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेकीला कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, पुण्यातल्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजात ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनला) प्रवेश मिळाला, ओबीसीतून फीही माफ झाली आणि हॉस्टेलला नंबर लागला. अकरावी-बारावीला तुम्ही लातूरला खोली करून तिच्याजवळ राहिलात. त्यामुळे तिला ना कपडे धुवायची सवय, ना एकटीने दवाखान्यात जायची. पहिलं वर्ष पुण्यातही असंच राहावं का, आणि हॉस्टेललाच पाठवायचं तर तयारी काय करावी, असं तुम्ही विचारलंय.

खोली करू नका. लातूरचं गणित वेगळं होतं. कॉलेज, क्लास, टेस्ट आणि झोप, एवढंच तिचं जग होतं आणि त्यात गरम डबा वेळेवर मिळणं हाच मोठा आधार होता. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष निम्मं वर्गात होतं आणि निम्मं हॉस्टेलमध्ये. एम-वनला, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणिताला, कुठल्या सीनियरच्या नोट्स चांगल्या, सबमिशनला कोण मदत करतं, तोंडी परीक्षेला सर काय विचारतात, हे सगळं रात्री जेवणं झाल्यावर खोल्या-खोल्यांतून कळतं. मैत्रिणींचे गटही सुरुवातीच्या काही आठवड्यांतच जमतात. तेव्हा लेक संध्याकाळ झाली की आईच्या खोलीवर जात असेल, तर ती एकटी पडते. शिवाय हॉस्टेलच्या जागा मोजक्या असतात. आज सोडली तर पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. आणि तुमच्या आठवीतल्या मुलाचं वर्षभर काय, हे पत्रात कुठेच आलेलं नाही, ते मला खटकलं.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. गादी, बादली, कुलूप पुण्यात पोचल्यावर घ्या. इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, इंडक्शन शेगडी नेण्याआधी हॉस्टेलचे नियम वाचा, बहुतेक ठिकाणी या वस्तू जप्त होतात. शेंगदाण्याची चटणी मात्र सढळ हाताने द्या. मेसच्या भाजीवर दुसरा इलाज नाही, आणि पुण्यात रविवारी रात्री बऱ्याच मेस बंदच असतात.

तयारी म्हणाल तर ती वेगळीच आहे. प्रवेशाचा सल्ला घ्यायला आलेली मुलगी माझ्यासमोर बसलेली असते, मी तिला विचारते, ‘बाळा, कुठली शाखा आवडते?’ आणि उत्तर आई देते. मुलगी आईच्या तोंडाकडे बघत राहते. हेच बँकेत होतं, दवाखान्यात होतं. निघायला तीन आठवडे आहेत म्हणता, तर या दिवसांत तिला डॉक्टरांकडे एकटीला पाठवा. काय होतंय, कधीपासून होतंय, हे तिला स्वतःला सांगू द्या. कुठली गोळी तिला सोसत नाही हे तुम्हाला पाठ असेल, पण रात्री दोनला पुण्यात ताप भरला तर ते तिलाच सांगावं लागणार आहे. कपडे धुणं ती चार दिवसांत शिकेल, त्याची काळजी नको. फार तर एखादा पांढरा ड्रेस गुलाबी होईल.

दुसरं काम बँकेचं. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून येणारे, पैसे आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलेलं आहे त्या खात्यात जातात. अनेक मुलांचं आधार शाळेत असताना काढलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं असतं आणि पैसे अडकतात. तिने स्वतः बँकेत जाऊन हे तपासून यावं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. हॉस्टेल आणि मेसचा खर्च त्यात येत नाही, तो तुम्हालाच धरावा लागेल. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी भरायचा असतो. तो तिने भरावा, सायबर कॅफेवाल्या दादाने नव्हे. पासवर्ड त्याच्या वहीत आणि मोबाइल नंबरही त्याचाच, अशी प्रकरणं माझ्याकडे नेहमी येतात. मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा करण्याआधी सगळी स्कॅन करून ठेवा, नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत कधी संपते तेही पाहा.

रॅगिंगची भीती तुम्ही लिहिली आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १८००-१८०-५५२२ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते. नंबर तिच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा.

आता तुमच्याबद्दल. फोनची एक वेळ ठरवा, रात्री जेवणानंतरची म्हणा. तिने उचलला नाही तर लगेच रूममेटला किंवा रेक्टरबाईंना फोन लावू नका, मुलींची त्यावरून महिनोन् महिने थट्टा होते. ‘जेवलीस का’च्या पुढे जाऊन आज वर्गात कोणाशेजारी बसलीस, हे विचारा. पहिल्या चाचणीत मार्क कमी पडतील. लातूरला वर्गात पहिली येणारी मुलगी तिथे साठातली एक असते, तेव्हा घरून टोमणा नको. पण सलग काही दिवस ती मेसला जात नाही, दिवसा झोपून असते, ‘माझ्यामुळे तुमचे पैसे वाया जातायत’ असं पुन्हा पुन्हा म्हणते, असं दिसलं तर वेळ बघू नका, रात्रीच्या गाडीने निघा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघींकडेही असू द्या. तिथे मराठीत बोलता येतं.

राहिला स्थानिक पालकाचा फॉर्म. त्यावर पुण्यातल्या मोठ्या हुद्द्यावरच्या मामांचं नाव घालायचं तुम्ही ठरवलंय. मामा रात्री अकराला फोन उचलतात का, हे आधी पाहा. नसतील उचलत, तर पिंपरीच्या ज्या मावशीचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय, तिला विचारून तिचं नाव घाला.