साष्टीवरचा तुझा पहिला नाताळ

आपलं ठाणं साष्टी बेटावर, डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. म्हणून कापसाचा बर्फ राहू दे, आधी नारळ बघ. नारळाचं दूध सकाळी काढलंस तर लगेच वापर. या हवेत ते संध्याकाळपर्यंत आंबतं.

कुलकुल, म्हणजे आपला नाताळचा तळलेला गोड खाऊ, १५ तारखेच्या सुमाराला कर. मैदा, नारळाचं दूध, अंडं, साखर, थोडं तूप. पीठ घट्टच हवं. सुपारीएवढा गोळा काट्याच्या पाठीवर दाबायचा आणि गुंडाळायचा. हे एकटीचं काम नव्हेच गं! सासूबाई, मुलं, शेजारच्या काकू, सगळ्यांना खाली सतरंजीवर बसव. माझ्या पहिल्या वर्षी मी गरम कुलकुलच डब्यात भरले. वाफ धरली, सगळे मऊ पडले. रडू आलं होतं मला. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नकोस.

इंदियाल, म्हणजे मांसाचं मसालेदार कालवण, आदल्या दिवशी शिजव, व्हिनेगरमध्ये छान मुरतं. फुगे, म्हणजे पिठाचे फुगणारे गोळे, मात्र २५ च्या सकाळीच तळायचे, शिळे चामट होतात.

२४ च्या रात्री मिस्साला सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चला जाणार असशील तर लवकर निघ. मासुंदा तलावाच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळणं कठीण, रिक्षा बरी.

आणि दिवाळीचा फराळ ज्या ज्या घरून आला, त्यांची ताटं आधी भर. गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत, हलवू नकोस. काही अडलं तर रात्री कितीही वाजता फोन कर.