महामार्गावरची वेगमर्यादा कमी केली तर इंधन आणि जीव खरंच वाचतील का?

वाचतील, पण पाटी बदलून नव्हे, गाड्या खरोखर हळू धावल्या तर.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० वरून ८० वर आलात की तो ३६ टक्क्यांनी उतरतो. धडकेतली ऊर्जाही तेवढीच घटते, आणि जीव वाचतो तो इथेच. इंधन मात्र ३६ टक्के वाचत नाही, कारण इंजिन आणि टायरचं घर्षण, एसी हे सगळं चालूच असतं.

अमेरिकेने १९७४ मध्ये, तेलटंचाईच्या काळात, देशभर ताशी ५५ मैलांची (सुमारे ८९ किमी) मर्यादा घातली. १९७३ मध्ये रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसं गेली होती, १९७४ मध्ये ४५ हजार. सगळं श्रेय मर्यादेचं नाही, तेव्हा लोक गाड्याच कमी काढत होते. इंधनाची बचत तर अपेक्षेपेक्षा फारच थोडी झाली. बरेच जण मर्यादा पाळतच नव्हते, १९९५ मध्ये ती रद्द झाली.

आपल्या एक्सप्रेसवेवर मला जास्त धास्ती वाटते ती उजवी लेन अडवून रांगणाऱ्या ट्रकची आणि त्याला डावीकडून कट मारणाऱ्या कारची. आणि घाई कशासाठी? ८० किलोमीटरला १०० च्या वेगाने ४८ मिनिटं, ८० ने ६०. बारा मिनिटं तर फूड मॉलवर चहाच्या रांगेत जातात.