कुकरचं प्रेशर उतरेपर्यंत

प्रश्न : ताई, मी ४६ वर्षांची. पाच महिन्यांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलताना शब्द सापडत नाहीत. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई, मुलगा बारावीला. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, सध्या अर्धा दिवस जाते. रात्री अकराला पडते, ह्यांची कूस बदलायला दर दोन तासांनी उठते. भरवताना हे एकदम रडायला लागतात, कधी माझ्यावर ओरडतात. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेते. मैत्रिणीने सांगितलं म्हणून पहाटे साडेचारला उठून तासभर ध्यान सुरू केलं, नऊ दिवस टिकलं. डोळे मिटले की आयसीयूच दिसतो. माझ्यात मनोबलच नाही का? दीर पुण्याहून फोन करतात, 'वहिनी, काही लागलं तर सांगा' म्हणतात. काय सांगू?

उत्तर : मनोबलाचं नंतर बघू, आधी झोपेचा हिशेब करू. अकराला पडायचं, एकला उठायचं, तीनला उठायचं आणि साडेचारला ध्यानाला बसायचं. दीड-दीड तासाचे तुकडे जोडून झोप होत नाही. अशा झोपेवर कोणाचंही डोकं भणभणेल, रडू येईल आणि साध्या गोष्टीवरून चिडचिड होईल. नऊ दिवस टिकलंत हेच जास्त झालं. ते साडेचारचं ध्यान आजपासून बंद. ध्यान वाईट असतं असं नाही, पण धक्का ताजा असताना डोळे मिटून गप्प बसलं की नको तीच चित्रं समोर येतात. पुष्कळांचं असं होतं. सध्या जे करायचं ते डोळे उघडे ठेवून आणि बसल्या जागेवर.

कूस बदलणं चुकवायचं नाही, नाहीतर माकडहाड, टाचा आणि खुब्यावर बेडसोर होतात आणि ते भरायला महिने लागतात. पण प्रत्येक वेळी तुम्हीच उठलं पाहिजे असं कुठे आहे? वेळा १०, १२, २, ४ अशा धरा. दहाची कूस बदलून तुम्ही झोपा. बारावीचा मुलगा बाराला जागाच असणार. बाराची कूस त्याची. दोन दिवस शेजारी उभं राहून शिकवा : कमरेखाली आडवी चादर कायम अंथरलेली ठेवायची आणि चादरीला धरून वळवायचं. लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो. तुम्हाला दहा ते दोन अशी चार तास सलग झोप मिळाली तर आठवडाभरात फरक जाणवेल. एअर बेड आणलात तर दोन तासांचं अंतर थोडं वाढवता येतं का, हे फिजिओथेरपिस्टला किंवा डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने वाढवू नका. आणि दुपारी चारनंतर चहा नको. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनंतरही अंगात असतो, आणि तुम्हाला तर दहाला झोपायचंय.

आता रोजच्या सवयीचं. बहुतेक जणी 'रोज सहाला अमुक' असं ठरवतात आणि तिथेच फसतात, कारण आजारी माणसाचं घर घड्याळावर चालत नाही. सवय घड्याळाला बांधू नका, हातातल्या कामाला बांधा. तुमच्याकडे असं एक काम रोज न चुकता होतं : कुकर. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला की प्रेशर उतरायला आठ-दहा मिनिटं लागतात. त्या वेळात भाजी चिरायची नाही, मोबाइल घ्यायचा नाही. ओट्याला पाठ टेकून उभ्या राहा किंवा स्टूल घ्या. नाकाने हळू श्वास घ्या, मनात चार मोजा. मग सहा मोजेपर्यंत सोडा, बशीतला चहा फुंकतो तसा ओठांतून, पण इतका हळू की चहा सांडणार नाही. मोजायला बोटांची पेरं आहेतच. एका हाताच्या चार बोटांची बारा पेरं, अंगठा एकेका पेरावर सरकवायचा. अडीच फेऱ्या झाल्या की तीस श्वास, म्हणजे पाच मिनिटं.

यात गडबड नेहमी एकाच ठिकाणी होते. 'दीर्घ श्वास' म्हटलं की माणसं छाती फुगवून भसाभस हवा भरतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड त्यामुळे खाली येतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. मग वाटतं, हे आपल्याला सोसत नाही. श्वास मोठा नको, संथ हवा. शेजारच्याला ऐकू आला तर तो जास्त झाला. मुंग्या आल्याच तर मोजणं सोडा, दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या. चार-सहा जमत नसेल तर तीन-पाच करा. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा लांब हवा. सोडताना नाडी जराशी मंदावते, म्हणून त्याचा उपयोग. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बायका हेच करत असत. ओळ लांबवायची तर श्वास पुरवून पुरवूनच सोडावा लागतो. तुम्हाला मोजण्यापेक्षा नामस्मरण किंवा गुणगुणणं जवळचं वाटत असेल तर खुशाल तेच करा.

दुसरी गोष्ट वहीची. संध्याकाळी दिवा लावला की पंधरा मिनिटं बसायचं, गजर लावून. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे 'उद्या करता येईल', उजवीकडे 'माझ्या हातात नाही'. डोक्यात असेल ते सगळं उतरवा, पण डावीकडचं वाक्य काम वाटलं पाहिजे. 'ह्यांचं पुढे कसं होणार' हे काम नव्हे, ते उजवीकडे. 'सोमवारी फिजिओला विचारणे : मूठ उघडण्याचा व्यायाम दिवसातून किती वेळा', हे डावीकडे. 'पैशांचं काय' उजवीकडे, आणि 'मेडिक्लेमच्या कागदांत डिस्चार्ज समरी आहे का बघणे' डावीकडे. गजर वाजला की वही बंद. रात्री दोनला तोच विचार पुन्हा आला तर त्याच्याशी भांडू नका, 'उद्या दिव्यानंतर' एवढंच म्हणा. पहिले चार-पाच दिवस तो ऐकणार नाही, मग हळूहळू सवय लागते. अंथरुणात पडून मात्र लिहायचं नाही, नाहीतर अंथरुणालाच काळजीची सवय लागते. दोनची कूस बदलल्यावर वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून खुर्चीत बसा, मंद दिव्यात धुतलेले कपडे घडी करा आणि पेंग आली की परत पडा.

तिसरी गोष्ट दहा मिनिटं चालण्याची, सकाळच्या उजेडात. दूध आणायला स्वतः जा, जाताना लांबच्या रस्त्याने. सकाळी डोळ्यांवर उजेड पडला की रात्री झोप वेळेवर येते. तेवढा वेळ सासूबाई ह्यांच्याजवळ खुर्ची टाकून बसतील. ७८ वर्षांच्या बाईला जड काम सांगता येत नाही, पण बसणं त्यांना जमतं आणि आपलाही उपयोग आहे असं वाटतं. ते असे पडलेले असताना मी फिरायला जाऊ का, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. जा. आणि जेवण उभ्याने, उरलंसुरलं, सगळ्यांच्या शेवटी, हे बंद करा. त्यांना भरवायच्या आधी तुमची एक पोळी पोटात गेली पाहिजे. भुकेल्या पोटी भरवताना हात घाई करतो आणि त्यांना ठसका लागतो.

त्यांचं रडणं आणि ओरडणं. झटक्यानंतर मेंदूच्या काही भागांना इजा झाली की रडू किंवा हसू एकदम फुटतं, कारण नसताना, आणि त्यांना ते आवरत नाही. 'रडू नका' म्हटलं की वाढतं. अर्धा मिनिट थांबा, चमचा खाली ठेवा, खिडकीबाहेरचं काहीतरी बोला. बहुतेक वेळा जसं आलं तसं ओसरतं. पण दिवसभर उदास असणं, जेवण नको म्हणणं, व्यायाम नको म्हणणं हे वेगळं. झटका आलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, त्यावर औषध आहे आणि ते घेतलं की फिजिओथेरपीही जास्त लागू पडते. पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टना हे दोन्ही वेगवेगळं सांगा. ओरडण्यात बराचसा भाग शब्द न सापडण्याचा असतो. 'काय हवं?' असं विचारण्याऐवजी 'पाणी की चहा?' विचारा, मान हलवून उत्तर देता येतं.

तुमच्या स्वतःच्या तपासण्या राहिल्या असणार. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२, साखर आणि रक्तदाब एकदा बघून घ्या. या वयात पाळीही बदलायला लागते. यांतलं काही कमी-जास्त असेल तर थकवा आणि उदासी श्वास मोजून जात नाही. दोन आठवडे सलग, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल तर डॉक्टर गाठा. जगणं नको असा विचार एकदा जरी आला तरी दोन आठवडे थांबू नका. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिला आठवडा फक्त झोपेची वाटणी आणि कुकर. दुसऱ्या आठवड्यात वही, चालणं त्यानंतर. एखाद्या दिवशी तीस श्वास जमले नाहीत तर तीन घ्या आणि कुकर उघडा.

राहिले दीर. 'काही लागलं तर सांगा' हे ते मनापासून म्हणत असतील, पण त्यांना काय द्यायचं ते कळत नाहीये आणि तुम्हाला मागता येत नाहीये. दिवस, वेळ आणि काम नेमकं सांगितलं की माणूस हो किंवा नाही तरी म्हणतो. हा मेसेज तुमच्या शब्दांत बदला आणि आजच पाठवा :

'भाऊजी, तुम्ही विचारत होता ना, काय लागेल ते सांगा. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी इथे मुक्कामाला या. रात्री १० ते सकाळी ६ ह्यांच्याजवळ तुम्ही झोपा. कूस कशी बदलायची ते मी दाखवते, अवघड नाही. येत्या दुसऱ्या शनिवारी जमेल का ते उद्या रात्रीपर्यंत कळवा, म्हणजे मी त्या रात्री आतल्या खोलीत दार लावून झोपेन.'