न विचारता गाडी नेली आणि परत आणून लावली, तर गुन्हा होतो का?

होतो. चुलतभावाने खुंटीवरची किल्ली काढून तुमची दुचाकी नेली, रात्री पेट्रोल संपवून आणून लावली, आणि आता घरचे म्हणताहेत की परत आणली ना, मग कसली चोरी, असं तुम्ही लिहिलंय. परत आणल्याने गुन्हा पुसला जात नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 197 नेमकं यासाठीच आहे. मालकाच्या संमतीशिवाय गाडी नेऊन चालवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. गाडी हडपायचा हेतू होता का, हा प्रश्नच इथे येत नाही.

हेतू बेइमानीचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 303, म्हणजे सरळ चोरी, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि वस्तू थोड्या वेळापुरती नेली तरी ती चोरी ठरू शकते. 1952 मध्ये जोधपूरला प्रशिक्षण घेणाऱ्या एका कॅडेटने हवाई दलाचं हार्वर्ड विमान परवानगीशिवाय उडवलं आणि ते पाकिस्तानात उतरलं. विमान कायमचं ठेवून घ्यायचं नव्हतं, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये फेटाळला आणि त्याला चोरीचा दोषीच ठरवलं.

मात्र कलम 197 मध्ये एक पळवाट आहे, आणि घरच्या भांडणात तीच पुढे येते. 'विचारलं असतं तर मालकाने दिलीच असती' असं आरोपीला रास्तपणे वाटत होतं, हे न्यायालयाला पटलं तर तो सुटतो. आजवर भाऊ गाडी नेत आला आणि तुम्ही गप्प राहिलात, तर हा बचाव तुम्हीच त्याच्या हातात दिलाय. म्हणून आजच त्याला व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा: 'यापुढे मला विचारल्याशिवाय गाडी न्यायची नाही.' तारखेसकट राहतं ते. शिव्या नकोत, धमकी नको.

मी वकिली करतो, अपघाताच्या दाव्यांत जास्त असतो, म्हणून खरी काळजी मला दुसरीच वाटते. भावाने कुणाला उडवलं तर भरपाईच्या दाव्यात पहिलं नाव तुमचं येईल. त्याच्याकडे लायसन्स नसेल तर विमा कंपनी पैसे तुमच्याकडून वसूल करू पाहील. तिथे तुम्हाला सांगावं लागेल की गाडी मी दिलीच नव्हती, आणि तेव्हा त्या दोन ओळी फार कामाला येतात. भाऊ अठराच्या आतला असेल तर आणखी जपा. कलम 199-अ मध्ये मालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. आपल्याला माहीत नव्हतं, हे मालकानेच सिद्ध करायचं असतं.

पहिल्याच वेळी पोलिसांत जा, असं मी म्हणणार नाही. पण मेसेज पाठवूनही पुन्हा नेली, तर त्याची प्रत घेऊन ठाण्यात जा. आणि किल्ली खुंटीवर ठेवू नका.