कोकणातल्या बाजारपेठेचा रस्ता नव्याने होतोय, चालणाऱ्यांसाठी काय मागावं?

तुमच्या नगरपरिषदेने बाजारातल्या मुख्य रस्त्यासाठी सूचना मागवल्या आहेत आणि चालणाऱ्यांच्या बाजूने काय लिहून द्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी आर्किटेक्ट आहे, काम सगळं कोकणातच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाण्याचं बघा. फूटपाथचा विषय निघाला की चर्चा फरशीच्या रंगावर जाते. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक गावांत फूटपाथ म्हणजे गटारावर टाकलेली झाकणं. गटाराच्या भिंती रस्त्यापेक्षा वर, म्हणून झाकणंही उंच. मग प्रत्येक दुकानदार आपल्यापुरता उतार काढतो, आणि दर दहा पावलांवर चढ-उतार करण्यापेक्षा माणसं सरळ रस्त्यावर उतरतात. माझी आई चार वर्षांपूर्वी ऐन आषाढात अशाच एका डुगडुगत्या झाकणावरून पडली, खुबा मोडला. देऊळ घरापासून पाच मिनिटांवर, पण आता रिक्षाशिवाय जात नाही. वाटेत बायका भेटायच्या, चार शब्द बोलणं व्हायचं, ते सगळं थांबलं. मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

म्हणून लेखी मागा: झाकणं फूटपाथच्या पातळीत आणि न हलणारी, फूटपाथला रस्त्याकडे किंचित उतार, आणि गटार साफ केल्यावर झाकण परत नीट बसवण्याची जबाबदारी ठेकेदाराच्या करारात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 103 या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि कडेची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर सांगितली आहे. बाजारात मात्र अडीच मीटर मागा. उघडी छत्री साधारण मीटरभर रुंद असते. दोन छत्र्या समोरासमोर आल्या की 1.8 मीटरमध्ये एकीला खाली उतरावंच लागतं. मोकळी म्हणजे खांब, डीपी (विजेच्या पेट्या), पाट्या वगळून.

फरशी खरखरीत हवी, गुळगुळीत चकचकीत नको. जांभा दगड आपला वाटतो, पण सावलीत त्यावरही शेवाळ धरतं, त्यामुळे श्रावणात घासून काढायची तरतूद हवीच.

चालणाऱ्यांसाठी रस्ता कसा असावा हे कोकणाला बाहेरून शिकायची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं. आपल्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटा, बघा. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला खालून चढत जा. दोन्ही बाजूंना गडगे म्हणजे दगडी कुंपणं, वर झाडांची सावली, दम लागला तर टेकायला जागा, आणि वळणावर कुणाचं तरी अंगण, म्हणजे कुणीतरी बघतंय. पायऱ्यांमुळे व्हीलचेअरला ती वाट बंद, हा तिचा मोठा दोष, तो उचलू नका. पण सावली, बसायची जागा आणि वाटेकडे तोंड केलेली घरं या तीन गोष्टी बाजारात आणता येतात. म्हणून रुंदीकरणासाठी जुना पिंपळ तोडू देऊ नका. त्याला पार बांधा.

मासळी, फुलं, भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांना ‘अडथळा’ म्हणून हलवायची मागणी कुणीतरी करेलच. तिला विरोध करा. संध्याकाळी सातनंतर क्लासवरून येणाऱ्या मुलींना त्या रस्त्यावर त्यांचाच आधार असतो. चालायची रुंदी सोडून त्यांना आखलेली जागा द्या, 2014 च्या पथविक्रेता कायद्यात तशी सोय आहे. दिवेही फक्त गाड्यांसाठी उंचावर नकोत. झाडांमुळे खाली अंधारच राहतो, म्हणून फूटपाथवर प्रकाश पडेल असे कमी उंचीचे खांब हवेत.

वेगाबद्दल थोडक्यात. गाडीचा वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकही उशिरा लागतो. बाजारात ताशी 30 किलोमीटर पुरे. पाटीने तो वेग येत नाही. गाडीसाठीची रुंदी कमी करा, नाक्यावरची वळणं आवळा आणि शाळेसमोरची क्रॉसिंग फूटपाथच्या पातळीला उचलून घ्या.

अर्जात हेही लिहा की सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये फूटपाथचा वापर हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. आणि आराखडा मंजूर होण्याआधी अभियंत्यांना एकदा जुलैत, शाळा सुटायच्या वेळी, छत्री घेऊन तो रस्ता तुमच्याबरोबर चालायला बोलवा. सोबत काठी घेऊन चालणारं कुणीतरी असू द्या.