तळणीच्या तेलावर विमान कसं उडतं?

प्रश्न : आमच्या खानावळीतलं तळणीचं उरलेलं तेल न्यायला महिन्यातून एकदा एक माणूस येतो. तो म्हणतो, याचं विमानाचं इंधन करतात. भाचा म्हणतो, बायोडिझेल. खरं काय? आणि हे पामतेल तर थंडीत डब्यातच थिजतं, मग वर आकाशात कसं चालेल?
– एक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, थिजण्याचं तुम्ही नेमकं हेरलंत. सगळी अवघड कामगिरी तिथेच आहे.

तुमच्या तेलाचं दोन्ही होऊ शकतं. मेथॅनॉल मिसळून ग्लिसरीन वेगळं काढलं की बायोडिझेल. त्यात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन उरतो. ट्रकला ते चालतं, विमानाला नाही. विमानासाठी तो ऑक्सिजन पुरता काढावा लागतो, आणि ते काम हायड्रोजन करतो.

माझी सारी नोकरी तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोट्रीटरवर, म्हणजे हायड्रोजनने तेल शुद्ध करणाऱ्या यंत्रावर गेली. खनिज डिझेलमधलं गंधक काढणं हे आमचं रोजचं काम. एकदा त्याच निकेल-मॉलिब्डेनमच्या कॅटॅलिस्टवरून (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थावरून) आम्ही छोट्या प्लँटमध्ये पामतेल नेलं. तीनशे अंशांच्या वर तापमान आणि हायड्रोजनचा भरपूर दाब. ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेला, ग्लिसरीनच्या भागाचा प्रोपेन झाला. गंमत म्हणजे हा कॅटॅलिस्ट गंधकावरच जगतो आणि वनस्पती तेलात गंधक जवळजवळ नसतंच. जन्मभर जे काढलं, ते थोडं बाहेरून घालावं लागलं!

बाटलीत आलेलं इंधन पाण्यासारखं नितळ होतं. रात्रभर एसी प्रयोगशाळेत राहिलं आणि सकाळी पाहतो तर पांढराशुभ्र गोळा, डिसेंबरातल्या खोबरेलासारखा. ऑक्सिजन गेला, पण १५ ते १८ कार्बन अणूंच्या सरळसोट साखळ्या राहिल्या होत्या. १८ कार्बनची साखळी २८ अंशांलाच गोठते. विमानाच्या जेट ए-१ इंधनाला मात्र उणे ४७ अंशांपर्यंत गोठायची मुभा नाही. म्हणून दुसरा टप्पा : प्लॅटिनमसारख्या कॅटॅलिस्टवर साखळ्यांना फांद्या फोडायच्या, काही तोडून आखूड करायच्या. फांद्या असलेल्या साखळ्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, म्हणून लवकर गोठत नाहीत. लाकडाची मोळी आणि काटक्यांचा ढीग यांत असतो तेवढा फरक.

आपल्याकडे डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने हे करून दाखवलं. २७ ऑगस्ट २०१८ला मोगली एरंडाच्या तेलापासून केलेलं इंधन २५ टक्के मिसळून डेहराडून ते दिल्ली प्रवासी कंपनीचं विमान उडालं. त्या रात्री मला झोप आली नाही. शेवाळापासूनही इंधन बनतं. जपानमध्ये २०२१ साली त्याच्या मिश्रणावर विमानं उडाली. पण पाण्यातून ते गोळा करून वाळवायचा खर्च फार. माझ्या मते सध्या तुमच्या कढईतलं तेल शेवाळापेक्षा मोलाचं आहे.

म्हणून एक विनंती. तेल गार झाल्यावर गाळून, कोरड्या झाकणाच्या डब्यात भरा. बेसनाचे कण, मीठ, पाणी यांनी शुद्धीकरणाचा ताप वाढतो, उरलं तर कॅटॅलिस्ट मरतो. सिंकमध्ये थेंबही ओतू नका. आणि नेणाऱ्याकडून पावती घ्या, तेल कुठे जातं ते विचारा. तेच तेल दुसऱ्या कुणाच्या कढईत जाता कामा नये.