जुळी, योनीतले जंतू आणि कॅप्सूलचा खर्च

ताई, तुम्ही विट्याहून विचारलंय: सुनेला विसावा आठवडा, पोटात जुळी. योनीतले जंतू बिघडले की बाळं लवकर होतात असं वाचलं, तर जंतूंची ती महागडी तपासणी आणि लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल घ्यायच्या का? मिरजेत लेबर रूमला सिस्टर म्हणून माझी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाचलंत ते खोटं नाही. लॅक्टोबॅसिलस हे योनीतले चांगले जंतू लॅक्टिक ॲसिड तयार करतात, त्यामुळे बाकीचे जंतू माजत नाहीत. ते कमी होऊन गार्डनरेलासारखे त्रासदायक जंतू वाढले, तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका जास्त दिसतो. पण हा अभ्यास बहुतेक एकाच बाळाच्या गरोदरपणातला. जुळ्यांत पिशवीच जास्त ताणते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. आणि रिपोर्ट वाईट आला तरी पुढे काय करणार? फ्रान्समध्ये प्रीमेव्हा नावाच्या अभ्यासात असा बिघाड असलेल्या, एरवी धोका कमी असलेल्या गरोदर बायकांना क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलं. २०१८ साली निकाल आला: खूप लवकर होणारी बाळंतपणं कमी झाली नाहीत. कॅप्सूलने ती टळतात हेही सिद्ध झालेलं नाही.

तो खर्च नको. आत्ताच्या सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी खालून मोजून घ्या, पोटावरून नाही. २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनबद्दल डॉक्टरांशी बोला. सरसकट सगळ्या जुळ्यांना त्याचा उपयोग होत नाही.

अंगावरून पातळ पांढरं जाणं गरोदरपणात असतंच. माशासारखा वास, खाज, जळजळ असेल तर मात्र दाखवा, औषध मिळतं. आत डेटॉल किंवा तुरटीच्या पाण्याने धुणं कृपा करून थांबवा! त्याने चांगले जंतूच जातात. घराघरांतून हे अजून चालतं, फार वाईट वाटतं.

दुसरं, नाव कुठे घातलंय? तिथे लहान बाळांचं आयसीयू नसेल तर सांगली-मिरजेत आत्ताच नाव घाला. बाळाला जन्मल्यावर हलवण्यापेक्षा पोटात असतानाच आईला हलवलेलं केव्हाही बरं. ठरावीक वेळाने पोट कडक होणं, कंबर भरून येणं, पाणी किंवा रक्त जाणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन करा. वेळेत पोचलात तर बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं.

वार (प्लासेंटा) एक आहे की दोन, तेवढं रिपोर्टमध्ये बघून कळवा. एक असेल तर सोनोग्राफी दर दोन आठवड्यांनी लागेल.